लिंबाजी सुताराची फळी

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांनी माझी एक नक्कल बसवली होती. स्नेहसंमेलनात एक पोरगा माझ्यासारखा ढगळ कोट घालून यायचा, फळ्यावर मागणीची उतरती रेषा काढायचा, पुरवठ्याची चढती रेषा काढायचा, आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पोचला की वर्गाकडे पाठ करून नुसता खडू झाडत उभा राहायचा. हशा व्हायचा, टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेत बसून मीही हसायचो. सरांना त्या बिंदूपाशी काय होतं हे मुलांना कळलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तिथे मला लिंबाजी सुतार दिसायचा. आता निवृत्त झालो, नक्कल करणारी पोरं स्वतः आजोबा झाली, आणि लाज मात्र आहे तिथेच आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

लिंबाजीचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीच्या पलीकडे, एसटीच्या फाट्यापासून आत चालत जायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावाने काही बिघडवलेलं नव्हतं. बिघडवलं ते मी.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा मराठवाडा नुकताच हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता. दफ्तरात अर्धे कागद उर्दूत होते, अर्धे मराठीत, आणि वरचे शेरे इंग्रजीत. मी हैदराबादेहून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेलो, वय चोवीस. विकास गटात ग्रामोद्योगाचा अधिकारी म्हणून चिकटलो होतो. नोकरी हंगामी होती, पण ऐट कायम माणसाची. खेड्यात सायकलवरून उतरलो की आधी रुमालाने बूट पुसायचो आणि मग गावाकडे बघायचो. गावातल्या कारागिरांची पाहणी करून त्यांचा धंदा "किफायतशीर" कसा होईल हे मला सुचवायचं होतं. हा शब्द मला फार आवडायचा.

लिंबाजीच्या दारापुढे एक कडुनिंब होता आणि त्या निंबाखाली त्याचं सगळं राज्य होतं: वाकस, पटाशी, करवत, रंधा, बाभळीचे ओंडके, आणि बुंध्याला लागून दोन खुंटांवर टेकवलेली एक लांब फळी. तो स्वतः पन्नाशी उलटलेला, अंगाने काटक, आणि जन्मभर वाकस चालवल्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. मी त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता, तरी ते मला खटकलं नाही आणि त्यालाही खटकल्याचं दिसलं नाही. तो मला "रावसाहेब" म्हणायचा.

त्याच्या कानामागे कायम अर्धी बिडी असायची. अर्धीच का, असं मी एकदा विचारलं.

"अर्धी काम धरताना वडायची, अर्धी काम सुटल्यावर," तो म्हणाला. "मधी वडली की हात गप्पा मारायला लागतेत."

बोलणं तेवढंच. बहुतेक प्रश्नांना त्याचं उत्तर "बघू" असायचं. गावाला त्या एका शब्दाचे सगळे अर्थ पाठ होते. मान खाली घालून म्हटलेलं "बघू" म्हणजे होईल, आभाळाकडे बघून म्हटलेलं म्हणजे होणार नाही, आणि वाकसाची धार अंगठ्याने तपासत म्हटलेलं "बघू" म्हणजे आता इथून जा. मला बहुतेक वेळा तिसरं मिळायचं.

त्याची खरी कारागिरी तिफणीत होती. तिफण म्हणजे पेरणीचं औत. खाली तीन फण, प्रत्येक फणाला बांबूची पोकळ नळी, आणि वर बी सोडायचं लाकडी चाडं. तिफण दुरुस्त झाली की लिंबाजी ती तशी कुणाच्या हवाली करत नसे. अंगणात त्याने चुलीची राख पसरून ठेवलेली असे. बैलाच्या जागी स्वतः उभा राहून तो त्या राखेतून तिफण दहा पावलं ओढायचा, मग मागे येऊन उकिडवा बसायचा आणि राखेत उमटलेल्या तीन रेघांमधलं अंतर बोटांनी बघायचा. एक रेघ जरा उथळ पडली तरी पुन्हा वाकस हातात घ्यायचा. त्याची बायको कोंडाबाई गुळाचा चहा घेऊन उभी असायची. "चहा निवायलाय," ती म्हणायची. तो म्हणायचा, "निवू दे. रान निवल्यावर कोन गरम करून देतंय?"

गावातल्या कुठल्याही सुताराप्रमाणे त्याला पैसे मिळत नसत, बलुतं मिळे. शेतकऱ्याची औतं वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. ज्याचं जास्त पिकलं तो जास्त घालायचा, ज्याचं कमी पिकलं तो कमी. मी वहीत लिहिलं: "उत्पादक बाजारभावापासून अनभिज्ञ."

माघात मी गेलो तर हा माणूस नव्या तिफणींची लाकडं तासत बसलेला. पेरणीला चार-पाच महिने होते आणि एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

"लिंबाजी, मागणी नसताना माल कशाला तयार करतोस?"

"लाकडाला वाळायचं असतंय, रावसाहेब. ते गिऱ्हाइकाची वाट कशाला बघंल?"

उत्पादनाला वेळ लागतो, हे माझ्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण घेऊन सांगितलं होतं. त्याने एका वाक्यात सांगितलं म्हणून ते मला गावठी वाटलं.

आबाराव पाटलांच्या गाडीचा किस्सा मी पुढे, ही नोकरी सोडून कॉलेजात शिकवायला लागल्यावर, वर्गात बऱ्याचदा सांगितला. गावातली नदीकाठची काळी जमीन बहुतेक त्यांची. माणूस मोकळा, हसतमुख. लेकीच्या लग्नात मिरवायला त्यांनी लिंबाजीला नवी बैलगाडी सांगितली. लिंबाजी आभाळाकडे बघून "बघू" म्हणाला. पाटलांना तो अर्थ माहीत होता, पण त्यांना वाटलं आपल्याला लागू नसेल. महिना गेला. लिंबाजी या बाईचा वखर नीट कर, त्या माणसाचं जू बदल, असं करत राहिला. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा त्याने पाटलांची जुनीच गाडी ओढून आणली, साट्याच्या फळ्या बदलल्या, चाकांचे आरे ठोकले, गेरू आणि तेल लावून अशी उजळली की वऱ्हाडातले लोक गाडी कुठून आणली म्हणून विचारू लागले. पाटील आले ते भांडायला, आणि गाडीभोवती एक फेरी मारून हसायला लागले.

"पाटील," लिंबाजी म्हणाला, "गाडी तुमाला पायजे व्हती. लागत न्हवती."

हे त्याचं सगळ्यात आवडतं बोलणं. "पायजे म्हननारे लय हायेत. लागतंय कुनाला ते बघावं." मी वर्गात एवढाच किस्सा सांगून थांबायचो. मुलांना वाटायचं, सर इरसाल माणसांत राहून आलेत.

फाल्गुनात एकदा निंबाखाली बसून मी त्याला मागणी-पुरवठा शिकवला. आजही आठवलं की कानशिलं तापतात. भुशात काडीने दोन रेषा काढल्या. म्हणालो, "हे बघ. मृगात सगळ्यांना एकदम तिफण नीट करून हवी असते. तुझे हात दोनच. मागणी वाढली, पुरवठा तेवढाच. अशा वेळी भाव वाढला पाहिजे. ज्याला खरी निकड आहे तो जास्त देईल आणि त्याचं काम आधी होईल. कुणी कुणाच्या पाया पडायला नको."

तो रेषांकडे बराच वेळ बघत राहिला. राखेतल्या रेघा तपासायचा तसाच.

"निकड हाय हे कशावरनं कळायचं?"

"द्यायची तयारी आहे यावरून. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, लिंबाजी. इच्छेच्या पाठीमागे ऐपत पाहिजे."

"मंग गयाबाईला काय लागतच न्हाई म्हना की."

मी हसलो. गयाबाई म्हणजे माळावरची एक विधवा. गावाच्या वरच्या अंगाला तिचा मुरमाड तुकडा होता, सासऱ्याने तोडून दिलेला. त्यात ती बाजरी आणि तीळ पेरायची. बलुतं म्हणून लिंबाजीला तिच्याकडून सुपभर बाजरी यायची, कधी तीही नाही.

"आन रावसाहेब, समद्यांला एकदम तिफण लागती हे तुमाला कुनी सांगितलं?"

"पाऊस सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी पडतो ना?"

"पडतो. पर..."

तेवढ्यात कुणीतरी वखर घेऊन आलं आणि तो उठला. मी त्या "पर"च्या पुढचं ऐकायला थांबलो नाही. वहीत दोन रेषा नीट पट्टीने आखून घेतल्या आणि सायकल काढली.

त्या "पर"च्या पुढे काय होतं ते त्या फळीवर मांडलेलं असायचं. गावातली जुनी पद्धत अशी की पाऊस पडून गेल्यावर जो तिफण घेऊन येईल त्याने आपल्या रानातली मूठभर माती धोतराच्या सोग्यात नाहीतर पदराच्या टोकात बांधून आणायची. लिंबाजी त्यातली थोडी माती मुठीत आवळून गोळा करायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. गोळा कसा पडला ते बघायचा. मग उरलेली माती फळीवर ठेवायचा, कुणाची या टोकाला, कुणाची मधे, कुणाची पार त्या टोकाला. फळीवर ज्या क्रमाने माती, त्या क्रमाने तिफणी. मी आदल्या साली पावसाळा संपता संपता रुजू झालो तेव्हा ही फळी पाहिली होती. मातीचे ढीग ओळीने मांडलेले, दोन-चार वाळून गेलेले. मी समजलो की काही देवाधर्माचं असेल. वहीत मथळा घातला, "अंधश्रद्धा", आणि खाली नोंद केली. ती वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर सुरेख आहे.

वैशाखात गटाच्या मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. प्रत्येक अधिकाऱ्याने एका गावात एक तरी प्रयोग करून दाखवावा, पावसाळ्यात आपण पाहायला येऊ, आणि हंगामी लोकांना कायम करायचं ते त्यावर ठरेल. मी त्याच संध्याकाळी लिंबाजीकडे गेलो. प्रयोग असा: या मृगापुरतं तिफणीचं काम बलुत्यावर नाही, रोख दराने करायचं. दारात दराचा फळा लावायचा. साधा दर एक, ताबडतोबीचा दर त्याच्या दुप्पट. ताबडतोबीवाले आधी, बाकीचे मागून. मधे कुणासाठी क्रम मोडायचा नाही.

त्याने आभाळाकडे बघितलं. "बघू" यायच्या आतच मी म्हणालो, "लिंबाजी, माझी नोकरी यावर आहे."

त्याने मान खाली घातली.

"तुमच्या भाकरीचं हाय का?"

"हो."

"मंग करू. एक मिरग करू." मग म्हणाला, "तुमी शिकलेले हाव. तुमी वाईट कशाला सांगताल."

हे वाक्य मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. 

मृगात पाऊस झाला, चांगला दीड दिवस. तिसऱ्या प्रहरी उघडीप पडली तेव्हा मी निंबाखाली बाजेवर वही घेऊन बसलोच होतो. उन्हाळ्यात तिफणीचे सांधे सुकून ढिले होतात, नळ्या तडकतात, त्यामुळे बघता बघता दारात दहा-बारा तिफणी लागल्या. ताबडतोबीचा दर आधीच भरला होता तो आबाराव पाटलांनी आणि नदीकाठच्या आणखी दोघांनी, मिळून सात तिफणींचा. मला फार आनंद झाला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं डोळ्यांसमोर घडत होतं.

मग गयाबाई आली. खांद्यावर तिफण, पदराच्या टोकात माती. तिला फळा वाचता येत नव्हता. तिने नेहमीप्रमाणे पदर सोडला आणि लिंबाजीने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. मुठीत गोळा केला, सोडला. तो जरासा पसरला, पण फुटला नाही. लिंबाजी माझ्याजवळ आला.

"रावसाहेब, हिच्या माळाला उद्या दुपारी वापसा येतोय. पेरायजोगी ओल. परवापास्तोर राहील, मंग मुरूम वाळतोय. पाटलाच्या काळीत आज पाय टाकला तर गुडघ्याइतका जातोय. तितं अजून पाच दिस तिफण चालत न्हाई. हिची पयली करतो. दोन घंट्याचं काम हाय."

त्याने सगळं सांगितलं. एवढं स्पष्ट मला कुठल्या प्राध्यापकाने काही सांगितलं नव्हतं. मी फळीकडे पाहिलं आणि ती फळी मला त्या क्षणी पूर्ण कळली. हलकं रान आधी, मग मध्यम, मग भारी. कोण किती देतो ते नाही, कुणाची जमीन किती थांबू शकते ते. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी म्हणालो, "क्रम मोडला तर प्रयोगाला अर्थ राहणार नाही. उद्या मोठे साहेब येतायत. ते सगळं विचारतील."

लिंबाजीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. आपण ऐकण्यात काही चुकलो का, असं बघत होता.

"बाबा, माझी?" गयाबाईने विचारलं.

"माय, तुझी मागून," तो म्हणाला. "शबुद दिलाय मी." तिची माती त्याने फळीवर ठेवली नाही. खाली, खुंटापाशी ठेवली, आणि पाटलांच्या तिफणीला हात घातला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दराचा फळा वाचून खूश झाले, पाटलांच्या भिंतीला ओळीने टेकवलेल्या नीटनेटक्या तिफणी बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. त्या तिफणींना हळद-कुंकू लागलं होतं, ओट्या भरल्या होत्या, आणि त्या पाच दिवस भिंतीला टेकूनच राहिल्या, कारण काळीत पाऊल टाकता येत नव्हतं. ओटी भरलेली तिफण आधी आपल्या रानात चालल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, अशी त्या गावाची रीत. लिंबाजी गयाबाईसाठी एक तिफण पाटलांकडे मागायला गेला तेव्हा पाटीलही कासावीस झाले. म्हणाले, "का रे लिंबाजी, पयल्यावानी माती फळीवर ठिवली असतीस तर हे झालं असतं का?" लिंबाजीने माझं नाव घेतलं नाही.

गयाबाई रोज येत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या मातीचा गोळा पडताच फुटून मोकळा झाला, पेरणीला हवा तसा. लिंबाजीने ती माती तशीच दोन्ही हातांत धरून ठेवली आणि मग खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, ऊन तापलं. चौथ्या दिवशी तिने पदर सोडला तेव्हा त्याच्या मुठीत गोळा झालाच नाही. माती बोटांतून निसटून गेली. त्याच दिवशी दुपारी तिची तिफण झाली. त्याने राखेतून ती ओढून पाहिली, तीन रेघा सारख्या आल्या, पण तो त्या बघायला बसला नाही. कानामागची अर्धी बिडी त्या चार दिवसांत कानामागेच राहिली होती. काम सुटल्यावरही त्याने ती पेटवली नाही.

तिने पेरलं. बी एकदाचंच होतं, ठेवून तरी काय करणार. उगवलं ते कुठे एक रोप, कुठे दोन, मधे नुसता मुरूम. दोन-तीन हलक्या रानांचं असंच झालं, पण इतरांना दुसरा तुकडा होता. गयाबाईला नव्हता.

श्रावणात मी गावात गेलो ते अहवालाची माहिती घ्यायला. दराचा फळा उतरवलेला होता. लिंबाजीने मला बाजेवर बसवलं, कोंडाबाईने चहा दिला. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. तो म्हणाला, "तुमी काय बोलू नका. तुमाला ठावं न्हवतं."

मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी दुपारीच ठाऊक झालं होतं, त्यानेच सांगितलं होतं. माझी अडचण होऊ नये म्हणून तो ते विसरला होता, की खरंच विसरला होता, मला माहीत नाही. मी चहा संपवला आणि ती सवलत घेतली.

"येकच करा," तो म्हणाला. "तुमच्या कागदात हे लिवा. आमचं कसं चुकलं ते. पयला माळ, मंग बरड, मंग मध्यम, मंग काळी. तुमचा कागद दुसऱ्या गावाला जात असंल. तितं बी सुतार असतोय, तितं बी एखादी गयाबाई असती. लिवा, मी सांगतो."

आणि त्या अंगठेबहाद्दराने मला तासभर मजकूर सांगितला. कुठली माती किती दिवसांत वापशाला येते, किती तास टिकते, गोळा कसा फुटला म्हणजे काय समजायचं. मी लिहून घेतलं. मधेच तो थांबून विचारायचा, "लिवलं का?" मी म्हणायचो, "लिहिलं." मग पुढे जायचा.

जिंतूरला येऊन मी अहवाल लिहायला घेतला. ती सहा पानं शेजारी ठेवली होती. पहिल्या परिच्छेदात सुताराचं रोख उत्पन्न किती वाढलं ते लिहिलं. दुसऱ्यात त्याच दिवसांत किती जास्त तिफणी झाल्या ते. दोन्ही खरं होतं. तिसऱ्या परिच्छेदापाशी आलो आणि मला मोठ्या साहेबांचा हात पाठीवर जाणवला. वडिलांचं पत्र आलेलं होतं, कायम झालास का म्हणून. मी लिहिलं: "प्रयोग यशस्वी. अन्य गावांत राबवण्यास हरकत नाही." सही केली. सहा पानं वहीत घालून ठेवली.

त्या साली दसऱ्यानंतर गयाबाई गावातल्या टोळीबरोबर पहिल्यांदा नगरकडे ऊस तोडायला गेली. लिंबाजीने सुगीतल्या बलुत्याचं पहिलं टोपलं तिच्याकडे पोचवलं होतं, असं कोंडाबाईने मला बोरीच्या बाजारात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या गावाला जाणं टाळू लागलो.

पुढच्या मृगात मी कायम झालो आणि पालमला बदली झाली. जिंतूरहून एसटीने निघालो. आदल्या दिवशी पाऊस झालेला. बोरीच्या पलीकडे त्या फाट्यावर बस थांबली, उतरणारे उतरू लागले, आणि खिडकीतून पाहतो तर रस्त्याच्या कडेला लिंबाजी उभा. खांद्यावर तिफण. मागे डोक्यावर बियाण्याचं गाठोडं घेऊन गयाबाई. ती उसाहून परतली होती, हाताला चिंधी बांधलेली होती. फळीवरची पहिली माती या साली तिची असणार, आणि तिफण तो स्वतः तिच्या माळावर पोचवायला निघाला होता. मी फायलीत मान घातली. पण त्याने मला ओळखलं होतं. तो खिडकीशी आला.

"रावसाहेब! कुठं निगालात?"

"बदली झाली. पालमला."

"कायम झालात का?"

"झालो."

"बरं झालं." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. मग तिफण सावरत तो खिडकीच्या आणखी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते लिवलं का हो तुमच्या कागदात? मी सांगितलेलं?"

माझ्या मांडीवरच्या फायलीत त्या अहवालाची प्रत होती, कायम झाल्याच्या हुकुमाला टाचलेली. त्या साली आणखी चार गावांत सुतारांच्या दारात दराचे फळे लागले होते.

"लिहिलं, बाबा," मी म्हणालो. त्याला "बाबा" म्हणायची ती पहिली वेळ.

"मंग झालं." तो गयाबाईकडे वळला. "बघ, म्हनलं न्हवतं का मी? लिवलंय त्यांनी समदं. आता दुसऱ्या कुनाचं तसं व्हायचं न्हाई."

गयाबाईने डोक्यावरचं गाठोडं एका हाताने सावरलं, दुसरा चिंधी बांधलेला हात कपाळाला लावला आणि मला नमस्कार केला.

 दोघं माळाच्या वाटेला लागली. लिंबाजीने तिफण उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली, आणि वापसा निघून जाऊ नये म्हणून घाईने चालू लागला. बस अजून जागेवरच होती. मी उतरलो नाही.